आनंदीबाई जोशी यांची अमेरिकेंतील उमेदवारी

२६ फेब्रुवारी १८८७ या दिवशीं पुणें शहरांत वयाचीं बावीस वर्षेंही पुरीं न झालेल्या एका डॉक्टरीणबाईंचा क्षयानें अंत झाला. त्यांच्यापाशीं अमेरिकेंतील एम्. डी. ची पदवी होती, कोल्हापूर दरबारनें दिलेलें नेमणुकीचें पत्र होतें, आणि ज्या कार्यासाठीं त्या सातासमुद्रांपलीकडे गेल्या त्या कार्याविषयींची तळमळही होती. परंतु कोल्हापुरच्या इस्पितळांत एक दिवसभरही काम करण्याचा योग त्यांच्या नशिबीं आला नाहीं. या बाई म्हणजे आनंदीबाई गोपाळ जोशी.

आनंदीबाईंचें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांच्यावर चरित्रें लिहिलीं गेलीं. १९६८ सालीं श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी निघाली. २०१९ सालीं त्याच नांवाचा चित्रपटही आला. तथापि या सर्व लोकप्रियतेंत एक गोष्ट थोडीशी बाजूस पडली आहे. आनंदीबाई परदेशीं गेल्या आणि पदवी घेऊन आल्या, एवढें सर्वांच्या स्मरणांत आहे. पण या दोन टोकांच्या मधल्या तीन-साडेतीन वर्षांत त्या काय शिकल्या, कोठें राहिल्या, काय खाल्लें, कोणत्या इस्पितळांत उमेदवारी केली आणि तिचें पुढें काय झालें, याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. वस्तुतः त्यांच्या आयुष्याचा खरा कस याच काळांत लागला.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या जोशी घराण्यांत झाला. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं, १८७४ सालीं, टपाल खात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळ विनायक जोशी यांच्याशीं त्यांचें लग्न झालें. गोपाळराव बिजवर, पत्नीहून सुमारें वीस वर्षांनीं मोठे, स्वभावानें विक्षिप्त आणि हट्टी. त्यांचा सर्वांत मोठा हट्ट म्हणजे बायकोनें शिकलेंच पाहिजे! त्या काळांत लिहितांवाचतां येणाऱ्या सुनेला घरांत बोल लागे. येथें उलट अभ्यास चुकला म्हणजे शिक्षा होई. या शिकवणींत मायेपेक्षां धाक अधिक होता, आणि प्रसंगीं मारही होता. पुढें अमेरिकेंतून नवऱ्याला लिहितांना आनंदीबाईंनीं हा विषय टाळला नाहीं. आपल्याला मिळालेली वागणूक बरी कीं वाईट हें ठरविणें कठीण आहे. अंतीं जें साधलें तें पाहतां ती योग्य ठरेल, पण एका लहान मुलीच्या मनावर तिचा काय परिणाम होतो हें पाहतां ती अयोग्यच म्हणावी लागेल, अशा आशयाचें त्यांचें लिहिणें आहे. उपकार आणि अन्याय हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून झालेले असतां दोहोंचा हिशेब निरनिराळा मांडण्याचें हें धैर्य वीस वर्षांच्या आंतबाहेरच्या मुलीचें आहे, हें विसरतां कामा नये.

१८७८ सालीं आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो दगावला. त्या काळीं खानदानी घरांतील बायका पुरुष डॉक्टरास नाडी दाखविण्यासही तयार नसत. शिकलेली स्त्री डॉक्टर तर मिळणेंच शक्य नव्हतें. बाळंतपण म्हणजे सुईण, शेगडी आणि दैव. आपल्या देशांतील बायका पुरुषाच्या हातून औषध घेण्यापेक्षां मरण पत्करतात, तेव्हां त्यांच्यासाठीं स्त्रीनेंच वैद्यक शिकलें पाहिजे, हा निश्चय आनंदीबाईंच्या मनांत याच दुःखांतून मूळ धरून राहिला.

त्याच सुमारास गोपाळरावांनीं पत्नीच्या शिक्षणाची सोय अमेरिकेंत व्हावी म्हणून तेथील मिशनरी मंडळींकडे पत्रव्यवहार केला होता. त्या मंडळींकडून साह्य झालें नाहीं. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापून आला. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर या बाई दांतांच्या डॉक्टराकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें मासिक त्यांच्या हातीं पडलें. एक परकीय मुलगी शिकावयास तळमळते आहे आणि तिला कोणी दाद देत नाहीं, हें वाचून त्यांनीं स्वतः होऊन पत्र पाठविलें. पत्रामागून पत्र जाऊं लागलें. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या. ज्या घरीं त्या पुढें लेकीप्रमाणें राहिल्या, त्या घराशीं त्यांचें नातें हें असें छापील कागदावरून जुळलें.

गोपाळरावांच्या बदल्या अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा होत होत शेवटीं तीं दोघें बंगाल्यांत आलीं. तेथें आनंदीबाईंच्या परदेशगमनाचा बेत पक्का झाला. गोपाळरावांना बरोबर जातां येण्यासारखें नव्हतें. अठरा वर्षांच्या ब्राह्मण स्त्रीनें नवऱ्यावांचून समुद्र ओलांडावयाचा, ही कल्पनाच लोकांना असह्य झाली. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत आनंदीबाईंनीं जाहीर सभेपुढें इंग्रजींत भाषण केलें. लोक आपणांस जे प्रश्न विचारतात ते त्यांनीं एक एक करून घेतले. अमेरिकेसच कां? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकटीच कां? परतल्यावर जातीनें वाळींत टाकलें तर? कांहीं संकट ओढवलें तर? आणि जें कोणत्याही स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हींच कां करावें?

या भाषणाचें मर्म त्याच्या युक्तिवादांत आहे. हिंदुस्थानांत वैद्यकाचे वर्ग आहेत, पण त्यांतील स्त्रियांचें शिक्षण अपुरें आहे, आणि आपल्यासारख्या हिंदु स्त्रीला तेथें सुखानें शिकूं दिलें जात नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. जातीच्या प्रश्नावर तर त्यांनीं उलट सवाल केला. आपण हिंदु म्हणून जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार. खाण्यापिण्यांत व पेहेरावांत बदल करणार नाहीं. असें असतां ज्यांना बहिष्कार घालावयाचा असेल त्यांनीं तो आजच कां घालूं नये? समुद्रापलीकडे जाऊनही आपला आचार सोडावयाचा नाहीं, हें वचन त्यांनीं दिलें. तें त्यांना फार महाग पडणार होतें.

अंगावरचें सोनें मोडून प्रवासखर्चाची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजीं अमेरिकन बायकांच्या सोबतीनें त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे जवळ जवळ दोन महिने आगबोटींत गेले. बंदरावर श्रीमती कार्पेंटर त्यांना घ्यावयास आल्या होत्या. रोझेलचा तो उन्हाळा आनंदीबाईंना सुखाचा गेला.

त्यांनीं निवडलेली संस्था म्हणजे फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानियाचें स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय. १८५० सालीं स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यक शिकविणाऱ्या जगांतील अगदीं आरंभींच्या संस्थांपैकीं होय. अमेरिका म्हणजे स्त्रीस्वातंत्र्याचें माहेरघर, अशी आपल्याकडे तेव्हां समजूत होती. पण तेथेंही हा मार्ग फुलांचा नव्हता. एलिझाबेथ ब्लॅकवेल या पहिल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंना १८४९ सालीं पदवी मिळाली, त्यापूर्वीं अनेक महाविद्यालयांनीं त्यांना दारांतूनच परत पाठविलें होतें. १८६९ सालीं फिलाडेल्फियाच्या याच महाविद्यालयांतील विद्यार्थिनी शहरांतल्या मोठ्या इस्पितळांत रुग्णपरीक्षेचीं व्याख्यानें ऐकावयास गेल्या, तेव्हां पुरुष विद्यार्थ्यांनीं हुर्यो उडवून त्यांच्या अंगावर कागदाचे बोळे फेंकले होते. आनंदीबाई तेथें पोंचल्या तेव्हां या प्रकाराला केवळ चौदा वर्षें झालीं होतीं.

प्रवेशासाठीं त्यांनीं २८ जून १८८३ रोजीं रोझेलहून पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपणांस पुऱ्या करतां येत नाहींत, हें त्यांनीं प्रांजळपणें कबूल केलें. स्वजनांचा आणि स्वजातीचा विरोध पत्करून आपण येथवर आलों आहों. हा निश्चयच आपली योग्यता समजावी. दुःखी देशभगिनींना खरें वैद्यकीय साह्य देण्यासाठींच हें शिक्षण हवें आहे, अशी त्यांची विनंती होती. महाविद्यालयानें ती मान्य केली व शिष्यवृत्तीही दिली. तेथील अधिष्ठात्री डॉ. रेचेल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका असून या परकीय विद्यार्थिनीवर त्यांचा विशेष लोभ जडला.

ऑक्टोबर १८८३ मध्यें अभ्यास सुरू झाला. शारीर, इंद्रियविज्ञान, रसायन, औषधिगुणविज्ञान, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र असे विषय. सकाळपासून व्याख्यानें, दुपारीं प्रयोगशाळा, आणि शवविच्छेदन. ज्या समाजांत प्रेताचा स्पर्श झाला कीं सचैल स्नान करावयाचें, त्या समाजांतील सोंवळ्या घरची मुलगी शवविच्छेदनाच्या टेबलापाशीं हातांत सुरी घेऊन उभी राहते, यांत केवढें मनोबल लागलें असेल, याची कल्पना आज करणेंही अवघड आहे. पुस्तकी ज्ञानाची भाषा इंग्रजी; ती त्या नवऱ्याच्या हाताखालीं व मिशनरी शाळांतून थोडीथोडी शिकलेल्या.

परंतु अभ्यासापेक्षांही बिकट होता तो रोजचा दिवस. त्या शुद्ध शाकाहारी. फिलाडेल्फियाच्या कडक हिवाळ्यांत मांसमत्स्याखेरीज पोटभर जेवण मिळविणें त्या काळीं सोपें नव्हतें. स्वयंपाक स्वतः करावयाचा तर वेळ कोठून आणावा? राहण्याची खोली मिळाली तींतील शेगडी नीट पेटत नसे. धूर मात्र खोलीभर भरे. धुरांत बसावें किंवा थंडीनें कांकडावें, एवढीच निवड त्यांच्या हातीं होती. नऊवारी लुगडें त्या हवेंत निभेना, तेव्हां अंग अधिक झांकलें जावें म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास सुरुवात केली. पेहेराव हिंदु तो हिंदुच राहिला, आचारालाही बाध आला नाहीं. पण श्रीरामपूरला दिलेल्या वचनासाठीं शरीराला जी किंमत मोजावी लागत होती, ती दिवसेंदिवस वाढत गेली. डोकेदुखी, बारीक ताप आणि अशक्तपणा हीं त्यांच्या पाठीस लागलीं.

या महाविद्यालयांत त्या एकट्याच परदेशीय नव्हत्या. जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबुली याही तेथें शिकत होत्या. ऑक्टोबर १८८५ मध्यें घेतलेलें या तिघींचें छायाचित्र उपलब्ध आहे. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखांत आहेत. आनंदीबाई साडींत आहेत. पुढें ओकामींना १८८९ सालीं आणि इस्लामबुलींना १८९० सालीं पदवी मिळाली. पृथ्वीच्या तीन कोपऱ्यांतून तीन तरुणी एकाच हेतूनें एका छताखालीं आल्या होत्या, हें पाहिलें म्हणजे आनंदीबाईंचें जाणें ही एका घरापुरती लहर नव्हती. स्त्रियांच्या वैद्यकशिक्षणाची जी लाट त्या वेळीं जगभर उठत होती तिचा तो एक भाग होता, हें लक्षांत येतें.

१८८५ सालीं गोपाळराव अमेरिकेस पोंचले. पतीचें येणें हा आनंदाचा प्रसंग खरा, परंतु त्यांचा स्वभाव बदललेला नव्हता. ज्या देशानें पत्नीला आश्रय दिला त्या देशाच्या चालीरीतींवर ते जाहीर व्याख्यानांतून कडक टीका करूं लागले. शेवटच्या वर्षाचा अभ्यास, खालावत चाललेली प्रकृति आणि यजमान मंडळींपुढें होणारी ही ओढाताण, या सर्वांतून आनंदीबाईंना वाट काढावी लागली.

पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथांत गर्भिणी, बाळंतीण व नवजात अर्भक यांविषयीं काय सांगितलें आहे, याचा परामर्श त्यांनीं घेतला. हा विषय अभिमानापोटीं निवडला असें कोणी म्हणेल. पण त्यांत व्यवहारही आहे. ज्या बायकांना पुढें औषधोपचार करावयाचे त्यांच्या घरांत कोणते आचार चालतात, हें जाणल्यावांचून नवें शास्त्र तेथें रुजणार नाहीं. विलायती विद्या घ्यावयाची, पण ती उतरवावयाची आहे माजघरांत, हें भान या विषयाच्या निवडींत दिसतें.

११ मार्च १८८६ रोजीं पदवीदानाचा समारंभ झाला. इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या नात्यांतल्या. व्हिक्टोरिया राणीकडूनही अभिनंदनाचा निरोप आला. एकवीस वर्षांच्या आंत असलेली ही मुलगी वैद्यकाची पदवी घेणारी पहिली हिंदु स्त्री ठरली. योगायोग असा कीं, कादंबिनी गांगुली यांनीं कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील आपला अभ्यास याच १८८६ सालीं पुरा केला.

बहुतेक चरित्रकथा येथें टाळ्यांच्या कडकडाटांत थांबतात. परंतु आनंदीबाईंच्या दृष्टीनें पदवी हा शेवट नव्हता. व्याख्यानें ऐकून आणि परीक्षा देऊन डॉक्टर होतां येत नाहीं. खाटेवरच्या रोग्यापाशीं उभें राहून हात बसावा लागतो. त्यासाठीं त्या मे १८८६ मध्यें बोस्टनच्या ‘न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन’ या इस्पितळांत उमेदवारीसाठीं दाखल झाल्या.

या इस्पितळाचा इतिहास उद्बोधक आहे. डॉ. मेरी झाक्रेव्स्का यांनीं १८६२ सालीं तें स्थापन केलें. पदवी घेतलेल्या स्त्री डॉक्टरांना त्या काळीं मोठ्या इस्पितळांची दारें बंद असत. मग त्यांनीं अनुभव घ्यावा कोठें? म्हणून बायकांनींच बायकांसाठीं आणि मुलांसाठीं इस्पितळ काढलें, आणि तेथें नव्या डॉक्टरीणबाईंना उमेदवार म्हणून घेण्याची पद्धत ठेवली. शिकलेल्या परिचारिका तयार करण्याचें काम अमेरिकेंत आरंभीं जेथें सुरू झालें त्यांत याच इस्पितळाची गणना होते. लिंडा रिचर्ड्स १८७३ सालीं, आणि मेरी महोनी या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षित परिचारिका १८७९ सालीं येथूनच बाहेर पडल्या. प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला बोस्टन शहराचें आणखी एक महत्त्व होतें. बाळंतज्वर हा डॉक्टर व सुईण यांच्या अस्वच्छ हातांवाटे एका बाळंतिणीकडून दुसरीकडे जातो, हें ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं १८४३ सालीं याच शहरांत मांडलें होतें. पुढें लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीनें त्या विचाराला बळ आलें. हात धुवावेत, उपकरणें शुद्ध करावींत, ही साधी शिस्त जरी आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलींत पोंचली असती तरी किती जीव वांचले असते! आनंदीबाईंना बोस्टनहून घरीं न्यावयाची ती विद्या हीच.

पण उमेदवारी म्हणजे शरीरश्रम. रात्रीअपरात्रीं उठणें, तासन् तास उभें राहणें, जिन्यांची चढउतार, संसर्गाची भीति. आनंदीबाईंचें शरीर तें सोसूं शकलें नाहीं. फार दिवस न होतांच त्यांना तें काम सोडावें लागलें. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं शोधून काढला होता खरा. पण त्यावर गुणकारी औषध हातीं यावयास पुढें साठांहून अधिक वर्षें लागावयाचीं होतीं. ज्या विद्येचा ध्यास घेतला तिच्यापाशींच त्यांच्या रोगावर उपाय नव्हता.

याच सुमारास कोल्हापूर संस्थानच्या दरबाराकडून त्यांना बोलावणें आलें. तेथील आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागाचें काम त्यांनीं पाहावें, असा प्रस्ताव होता. हें इस्पितळ आज छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय या नांवानें ओळखलें जातें. आनंदीबाईंनीं नेमणूक स्वीकारली. ज्या कोल्हापुरांत टपाल कारकुनाची बायको म्हणून त्या एकदां राहिल्या होत्या, तेथें आतां त्या डॉक्टर म्हणून जाणार होत्या. ऑक्टोबर १८८६ मध्यें त्या पतीसह निघाल्या व नोव्हेंबरांत मुंबईस उतरल्या. लोकांनीं त्यांचें कौतुकानें स्वागत केलें. तीन वर्षांपूर्वींची वाळींत टाकण्याची भाषा आतां मागें पडली होती. पण प्रवासानें प्रकृति पार ढांसळली होती. कोल्हापुरास जाण्याऐवजीं त्यांना पुण्यास यावें लागलें, आणि औषधोपचार चालूं असतांच तीन महिन्यांच्या आंत त्यांचा अंत झाला.

त्यांची रक्षा गोपाळरावांनीं श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविली. न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथील दफनभूमींत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत ती ठेवली आहे. शिक्षणासाठीं हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असा उल्लेख तेथील शिळेवर आहे. अमेरिकेंत १८८८ सालीं कॅरोलाइन डॉल यांनीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. मराठींत काशीबाई कानिटकरांनीं पत्रांच्या आधारानें तें लिहिलें. गोपाळराव त्यानंतर पंचवीस वर्षें जगले. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें सुधारकांना जमवून, त्यांनीं चहा घेतल्याचें जाहीर करून, सबंध शहर हादरविणारे गोपाळराव ते हेच.

मग या सर्व खटाटोपाचें फळ काय? पदवी कामीं आली नाहीं, उमेदवारी अर्ध्यावर राहिली, नेमणुकीची जागा रिकामीच राहिली. हिशेबाच्या वहींत ही नुसती तूट दिसते. पण हिशेब येथें संपत नाहीं. पंडिता रमाबाई आनंदीबाईंच्या समारंभासाठीं म्हणून अमेरिकेस गेल्या त्या तेथें दोन वर्षांहून अधिक राहिल्या. डॉ. बॉडली यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचा ग्रंथ १८८७ सालीं फिलाडेल्फियांतच निघाला, आणि त्या प्रवासांत मिळालेल्या साह्यांतून उभें राहिलेलें शारदासदन १८९० सालीं पुण्यास आलें. ज्या महाविद्यालयांत आनंदीबाई शिकल्या तेथेंच गुरुबाई करमरकर यांनीं १८९२ सालीं पदवी घेतली व मुंबईस येऊन बायकामुलांची सेवा केली. डॉ. रखमाबाई इंग्लंडांत शिकून १८९५ च्या सुमारास परतल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांचीं इस्पितळें चालविलीं. आनंदीबाईंच्या हातून जें काम व्हावयाचें राहिलें तें या बायकांनीं केलें.

परदेशीं शिकण्यास जाणाऱ्यांना निरोप देतांना आपल्याकडे आनंदीबाईंचें नांव घेण्याची रीत आहे. तें अवश्य घ्यावें. परंतु तें घेतांना फिलाडेल्फियाच्या धुरकट खोलीचीही आठवण ठेवावी. एकट्या मुलीनें परक्या देशांत जाऊन शिकावें, आणि वर आचाराचें सारें ओझेंही तिनेंच वाहावें, अशी अट आपल्या समाजानें तिच्यावर लादली होती. ती अट तिनें पाळली. तिच्या निश्चयाचें कौतुक करणाऱ्यांनीं त्या अटीची जबाबदारीही आपल्याकडे घेतली पाहिजे.